पायाळूची टाच

टाच दुखते म्हटलं की लोक हसतात. ताप आला तर कपाळाला हात लावून बघतात, पोट दुखलं तर ओवा देतात, पण टाच म्हणजे काय, चालताना झिजायचीच. सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवताना ज्याच्या तोंडून आईचं नाव निघतं, त्यालाच हे दुखणं कळतं. त्याच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी माझी काही हरकत नाही.

माझी टाच दुखायला लागली ती स्वराज्य आल्यानंतरच्या काही वर्षांत. गोंदियाचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. आता टाच पूर्ण बरी आहे. मी डोक्यावर भारा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून चालते आणि काही होत नाही. पण त्या दिवसांची आठवण निघाली की अजून शिसारी येते. दुखण्यानं नव्हे, माणसांमुळे.

गावाचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की त्यानं पालथं पडायचं आणि पायाळूनं उजव्या टाचेनं दुखऱ्या जागी लाथ मारायची. उसण जाते म्हणे.

सासूबाईंनी मला केली ती याच गुणासाठी. माझा रंग, माझी चौथीपर्यंतची शाळा, कशाचीच त्यांनी चौकशी केली नाही. माझ्या माहेरच्या सुईणीला गाठून तेवढी एक खात्री करून घेतली आणि सुपारी फोडली. आमचं गाव बोदलकशाच्या तलावापासून फार लांब नाही. घरची धानाची शेती होती, खायला कमी नव्हतं. कमी होता तो मान. नवरा गेल्यापासून सासूबाईंना गावात कुणी विचारत नव्हतं. मी घरात आले आणि अंगणात माणसं यायला लागली. सासूबाई ओसरीवर पानाचं तबक घेऊन बसायच्या आणि कुणाला आधी, कुणाला नंतर ते ठरवायच्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

वीज कडाडायला लागली की त्या मला ओढून घरात बसवायच्या, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. नवी नवरी होते, मला वाटलं किती जीव आहे माझ्यावर! पुढे कळलं, जीव पायावर होता.

आता ज्यावर सगळं फिरलं ते सांगते. आत्याबाईंची एक समजूत होती. लाथ मारली की त्या माणसाची उसण पायाळूच्या टाचेत शिरते, ती लगेच झाडून टाकायला पाहिजे. अंगणात एक जुना फुटका पाटा पडला होता. प्रत्येक लाथेनंतर मी त्या पाट्यावर टाच आपटायची.

"जोरात आपट वो," त्या ओसरीवरून सांगायच्या. "अंदर राहीन तर तुलेच लागन."

मी आपटायची. मला तरी कुठे दुसरं काही माहीत होतं?

पहिली सकाळ

रोवणीचे दिवस होते. दिवसभर वाकून वाकून सगळ्या गावाच्या कंबरा धरलेल्या, त्यामुळे संध्याकाळी अंगण भरून जायचं. मी स्वतः दिवसभर चिखलात वाकून यायची आणि आल्यावर लाथा मारायची. माझी कंबर दुखते का, हे कुणी विचारलं नाही. पायाळूला कंबर नसते बहुतेक.

एका सकाळी अंथरुणावरून उठले, पाय टेकवला आणि मटकन खालीच बसले. टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिल्यासारखं झालं. सुई घेऊन उजेडात बसले, टाच उकरली. काटा नव्हता. थोडं चालल्यावर कळ कमी झाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ज्यांना हे दुखणं आहे त्यांनी इथं मान हलवली असेल. सकाळी मरण, दुपारी बरं, आणि जरा बसून उठलं की पुन्हा मरण.

मी सांगितलं, "आत्याबाई, माही टाच दुखून राहिली."

"दुखनच," त्या म्हणाल्या. "कोनाची तरी उसन अंदर राहून गेली. तू बराबर आपटत नाहीस."

मग मी जास्त जोरात आपटायला लागले. दुखणं वाढलं. दुखणं वाढलं म्हणून आपटणं वाढवलं. 

उपचार म्हणे

आधी वीट झाली. वीट चुलीत लाल करायची, तिच्यावर रुईची पानं ठेवायची आणि टाच टेकवायची. शेकताना बरं वाटायचं. तेवढंच. पान फाटलं की चटका बसायचा आणि रुईच्या चिकाचा वास दिवसभर नाकातून जायचा नाही.

मग बिब्बा. शेजारच्या म्हातारीनं बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेला लावलं. बिब्बा उतला. टाच फुगली, कातडी सुटली, आतून पाणी वाहायला लागलं. त्यावर माशा बसायच्या. त्या पायानं मी लाथ कशी मारणार, असं मला वाटलं होतं. लोकांना वाटलं नाही. पाठीला ओलं लागलं तरी त्यांची तक्रार नव्हती. उलट एक जण म्हणाला, आज गुण जास्त आला.

सगळ्यांत घाण तो तुंबडीवाला. गावोगाव फिरणारा वैदू. आत्याबाईंनी त्याला पाट मांडून बसवलं. त्यानं हात धुतले नाहीत, तुंबडीचं शिंग धुतलं नाही. तसंच टाचेच्या ओल्या जखमेवर लावून तोंडानं ओढायला लागला. गाल आत, गाल बाहेर. मग खोकला आणि जमिनीवर थुंकला. रक्त, लाळ आणि त्यात एक काळा हाडाचा तुकडा.

"देखा माय? हड्डी अंदर थी."

माझं त्याच्या तोंडाकडे आधीपासून लक्ष होतं. आला तेव्हा तो बोबडं बोलत होता, गालात काहीतरी धरल्यासारखं. थुंकल्यावर लख्ख बोलायला लागला. मी हे सांगितलं तर आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच थुंकले. तो तुकडा त्यांनी फडक्यात बांधून ठेवला आणि आल्यागेल्या बायकांना दाखवत राहिल्या. बायका "अगे माय" म्हणायच्या आणि मग हळूच कंबरेवर हात ठेवायच्या.

तिरोड्याच्या एका डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यानं पाय पाहिलाच नाही. टेबलापलीकडूनच बाटलीभर लाल औषध दिलं. ते गोड होतं, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल.

पाठी

माणसाची पाठ तुम्ही कधी पायाखालून पाहिली आहे का? मी गावातल्या सगळ्या पाहिल्या. मोहाच्या तेलानं चिकट झालेल्या, गजकर्णानं भरलेल्या, घामानं आंबलेल्या, कधी न धुतलेल्या. लाथ बसली की काही जण ओरडायचे, काही जण सुखानं हुंकार द्यायचे. त्या हुंकारांची मला सगळ्यांत शिसारी यायची. काहींना काहीसुद्धा झालेलं नसायचं. तरण्या बाईचा पाय अंगाला लागतो म्हणून यायचे, आणि उठताना डोळा वर करून बघायचे. आत्याबाईंना ते दिसत होतं. त्या तबक पुढे करायच्या.

मी एकदा आमच्या ह्यांना सांगितलं. माझा नवरा कमी बोलणारा माणूस. आईपेक्षा बैलांशी जास्त बोलायचा. तो म्हणाला, "मायले कसा मी सांगू वो?" आणि गोठ्यात निघून गेला. मला त्या दिवशी त्याचीही किळस आली. खरं ते लिहिते.

अशात मला दिवस राहिले. अंगावरचं वजन वाढलं तसं टाचेनं सूड घ्यायला सुरुवात केली. पूर्वी सकाळचं पहिलं पाऊल दुखायचं, आता प्रत्येक पाऊल. मी बोटांवर चालायला लागले, मग पोटरी भरून यायला लागली. लाथा चालूच होत्या. गरोदर पायाळूच्या पायाला दुप्पट गुण असतो असं कुणीतरी काढलं होतं. कुणी काढलं ते सांगायची गरज नाही.

रांगणं

आठवा महिना लागला होता. एका सकाळी मला उभंच राहता येईना. बाहेर तर जायला हवं होतं. मी एवढं पोट घेऊन, दोन्ही हात आणि गुडघे टेकवत अंगणात आले. आत्याबाई सडा टाकत होत्या.

"घरात रांग, अंगनात नोको," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोक पायतील. मंग कोन येईन लाथ खायले?"

आमचे हे गोठ्याच्या दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. बैल सोडले आणि खाचराला, म्हणजे आमच्या बैलगाडीला, जुंपले.

"कोठी चालला गा?" आत्याबाईंनी विचारलं.

"गोंदियाले."

"कायले?"

"ते रांगून राहिली, म्हनून."

त्यांनी मला उचलून खाचरात बसवलं. तिरोड्याहून आम्ही आगगाडी धरली. गोंदियाला पोचेपर्यंत माझी किळस जरा कमी झाली होती.

दवाखाना

गोंदियाच्या त्या दवाखान्यात फिनेलचा वास आणि माणसांची गर्दी. बाई डॉक्टर होत्या, हिंदी बोलणाऱ्या, आवाज खणखणीत. त्यांनी माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. बिब्ब्यानं नासलेली, सुकून काळी पडलेली ती टाच, आणि त्या बाईंनी नाक मुरडलं नाही. अंगठ्यानं चाचपत चाचपत एका जागी दाबलं. मी किंचाळले.

"यहीं ना?"

मी रडायला लागले. दुखलं म्हणून नाही. इतक्या महिन्यांत माझा पाय दुखतो म्हणून कुणी हातात धरला तो पहिल्यांदा.

"दिनभर करती क्या हो?"

मी लाथांचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"और जब दर्द ज्यादा होता है, तब?"

"मंग पाट्यावर आपटतो जी."

"पाटा? पत्थर का?"

"हो जी. जोरात."

त्या हसल्या. नर्सला हाक मारून म्हणाल्या, "सुनो, सुनो! दर्द होता है, इसलिए पत्थर पे पटकती है!" नर्स हसली, पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. मला त्यांचाही राग आला. पाय कळला म्हणून माणूस कळतोच असं नाही. पण त्यांना पाय कळला होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

उपचार काय होता? ऐकून तुमची निराशा होईल. ना सुई, ना मलम. जखम धुऊन पट्टी बांधली, ती भरली. बाकीचं असं. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरात सुद्धा नाही. चपलेत टाचेखाली जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा बसवायचा आणि दुखतं तिथं त्याला खळगा पाडायचा. सकाळी खाटेवरून उतरण्याआधी पंचा पायाच्या बोटांना अडकवून पाय आपल्याकडे ओढून धरायचा, पोटरी ताणेपर्यंत. दुपारी थंड पाण्याची बाटली तळव्याखाली मागेपुढे फिरवायची. आणि लाथ बंद. कायमची.

"एक भी नहीं," बाई म्हणाल्या. "भगवान की पीठ हो तो भी नहीं."

त्यांनी पोटही तपासलं. मूल आडवंतिडवं नव्हतं, पण उलटं होतं. डोकं वर, पाय खाली. "बच्चा होने तक यहीं रहो," म्हणाल्या. आमच्या ह्यांनी मान डोलावली. बाजारात जाऊन मोचीकडून चपला करून आणल्या. नमद्याचा खळगा जरा वाकडा पडला होता, तो त्यांनी खाटेशी बसून स्वतः चाकूनं सारखा केला. त्या दवाखान्यातलं हे एक चित्र मला कुरूप वाटत नाही.

नाही म्हणणं

दवाखान्यात दिवस सगळे सारखे. सकाळी झाडूवाली, मग पेज, मग बाईंची फेरी, मग दुपारभर पंख्याकडे बघत पडणं. माझ्या शेजारी छत्तीसगडची एक बाई होती, गर्भाशयाच्या दुखण्यानं आलेली. स्वभावानं गोड. आपल्या डब्यातलं लोणचं मला द्यायची. एक दिवस माझी कथा तिला कळली. ती हसली नाही. विचारात पडली. दुपारी सगळे झोपलेले बघून ती माझ्या खाटेशी आली, पाठ फिरवून जमिनीवर पालथी पडली.

"एक लात मार दे न बहिनी. कनिहा पिरावत हे." कंबर दुखते म्हणे.

दवाखान्यात! औषध घेता घेता! माझ्या पायाला पट्टी बांधलेली दिसत असताना! इतकी वर्षं ज्यांना हो म्हणत आले ते सगळे तिच्या रूपात येऊन पालथे पडलेत असं वाटलं.

"नाही," मी म्हणाले.

तिला वाटलं मी गंमत करते आहे.

"नाही मारत. उठ."

ती उठली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लोणचंही बंद झालं. पण मला त्या दोन दिवसांत फार शांत झोप लागली. आधी कधी कुणाला नाही म्हणून पाहिलंच नव्हतं.

टाच लगेच बरी झाली नाही, हे मुद्दाम सांगते. सुरुवातीचे कित्येक दिवस काडीचा फरक पडला नाही. मी बाईंशी भांडले, पंचा फेकून दिला. त्यांनी तो उचलून पुन्हा माझ्या बोटांना अडकवला आणि म्हणाल्या, महिनों तक पटका है, महिनों में जाएगा. मग एका सकाळी मी मोरीपर्यंत जाऊन परत आले आणि खाटेवर बसल्यावर लक्षात आलं की आपण ओरडलो नाही. मी पुन्हा उठून जाऊन आले. नर्स रागावली. मी तिसऱ्यांदा गेले.

आमचे हे मधूनमधून येऊन बसायचे. एकदा आत्याबाईंचा निरोप आणला. "माय म्हनते, लोक परत जाऊन राहिले. कवा येतेस?" खाली बघूनच बोलले. मी पंचा बोटांना अडकवला आणि पाय ओढून धरला.

परतणं

दुपारच्या वेळी मुलगी झाली. बाईंनी खूप खटपट केली, मला फार त्रास झाला, पण आम्ही दोघीही वाचलो. नर्सनं पोर दाखवली आणि हसत म्हणाली, "पैर पहले. बिल्कुल माँ पे गई है." दाराबाहेर जाऊन तिनं तेच आमच्या ह्यांनाही सांगितलं, मला ऐकू आलं.

मी पोरीचे पाय पाहिले. माझ्या बोटाएवढी टाच, लोण्यासारखी. आणि मला ओसरीवरचं तबक दिसलं, ओळीनं पालथ्या पडलेल्या पाठी दिसल्या, वर बघणारे डोळे दिसले. आजीच्या मांडीवरून ही पोर थेट त्या अंगणात उतरणार होती. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मी तिचे पाय फडक्याखाली झाकून टाकले.

नर्सला मी हात जोडले, गावाकडचं कुणी आलं तर असं बोलू नको म्हणाले. तिला काही समजलं नाही, पण ती बरं म्हणाली. राहिले आमचे हे. त्यांना काय सांगावं, कसं सांगावं, मला सुचेना. आईसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही हे खरं, पण आईनं विचारलेलं त्यांनी कधी लपवलंही नव्हतं. गाडीत नाही, खाचरात नाही, आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. मी पोरीला फडक्यात घट्ट गुंडाळून बसले होते आणि तोंडातल्या तोंडात एकच खोटं घोकत होते.

घर आलं. अंगणात चार-दोन बायका जमल्या होत्या. मी चपला घालूनच खाचरातून उतरले आणि चपला घालूनच अंगण ओलांडलं. आत्याबाईंनी चपलांकडे पाहिलं, पण त्यांना घाई दुसरीच होती. तुकडापाणी ओवाळून टाकलं, पोर माझ्या हातातून घेतली, फडकं सोडलं आणि तिचा उजवा पाय मुठीत धरला.

"कशी आली वो? डोक्यानं का पायानं?"

बायका पुढे सरकल्या. घोकलेलं खोटं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून, बैलांच्या मानेवरचं जू उतरवता उतरवता, आमचे हे बोलले. मान वर न करता, पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

"डोक्यानं आली, माय. मी इचारलं डॉक्टरबाईले."

आत्याबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पोरीचा पाय सोडला आणि तिला माझ्याकडे परत दिलं.